जॉन द रिपरची कमांड कुठे अडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉन द रिपर हे पासवर्ड किती कच्चे आहेत ते तपासायचं साधन. सोलर डिझायनर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रामरने ते १९९६ साली बाहेर आणलं आणि ओपनवॉल प्रकल्पात ते आजही सांभाळलं जातं. फुकट आहे, जुनं आहे, भरवशाचं आहे. तरी नवा माणूस पहिल्याच दिवशी अडतो. त्याला अडवतो तो पासवर्ड नसतो, त्याने स्वतः टाइप केलेली ओळ असते.

एक गोष्ट आधीच पक्की करून ठेवा, खालची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. तुम्ही एंटर दाबलं की ती ओळ सगळ्यात आधी शेल (टर्मिनलमध्ये कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) वाचतो. तो आपल्या नियमांनी तिचे तुकडे पाडतो, काही चिन्हांचा अर्थ लावतो आणि मग उरलेलं जॉनच्या हाती देतो. त्यानंतर जॉन पर्याय वाचतो, फाइल उघडतो आणि सगळ्यात शेवटी हॅश (पासवर्ड साठवताना त्याचं केलेलं, उलटं फिरवता न येणारं रूप) ओळखतो. गडबड या चारपैकी कुठल्या पायरीवर झाली ते कळलं की दुरुस्ती बहुधा एका अक्षराची असते.

या पानावर कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर अक्षरं आणि आकडे नेहमीच्या इंग्रजी पद्धतीने टाइप करायचे. वजा, बरोबर, डॉलर, प्रश्नचिन्ह आणि अवतरणं ही चिन्हं मात्र जशी दिसतात तशीच.

हे वापरणं कायदेशीर आहे का?

स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या फाइलवर किंवा मालकाच्या लेखी परवानगीने, हो. दुसऱ्याच्या यंत्रणेतले हॅश परवानगीशिवाय काढणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येणारा गुन्हा आहे. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ऑफिसात तुम्ही सिस्टिम अ‍ॅडमिन असलात तरी "मला रूट (मशीनवरचा सर्वोच्च अधिकार) आहे" म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. कोणत्या सर्व्हरचे हॅश, किती दिवसांसाठी, निकाल कोण बघणार, एवढं तरी कागदावर घ्या. त्यात तुमचंही रक्षण आहे आणि ज्यांचे पासवर्ड तपासले जाणार त्यांचंही.

"कमांड नॉट फाउंड" येतं. इन्स्टॉल तर नीट झालं होतं.

डेबियनच्या पॅकेजमध्ये प्रोग्राम /यूएसआर/एसबिन मध्ये बसतो आणि साध्या युजरच्या पाथमध्ये (शेल प्रोग्राम जिथे शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत) ती जागा बहुधा नसते. पूर्ण पत्ता देऊन चालवा किंवा पाथमध्ये ती जागा जोडा. सोर्सवरून बांधलं असेल तर "रन" नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पुढे ./ लावून चालवावं लागतं. विंडोजच्या पॉवरशेलमध्येही तसंच, फक्त .\ लावून. चालू फोल्डरमधला प्रोग्राम नुसत्या नावाने लिनक्सही चालवत नाही आणि पॉवरशेलही.

"अननोन सायफरटेक्स्ट फॉरमॅट नेम रिक्वेस्टेड" म्हणजे काय? फॉरमॅटचं नाव तर बरोबर लिहिलंय.

फॉरमॅट म्हणजे हॅशचा प्रकार. त्याचं नाव बरोबर असेल, पण तुमच्याकडचा जॉन वेगळा असेल. जॉनच्या दोन आवृत्त्या आहेत. एक मूळ, म्हणजे कोअर. दुसरी जंबो, जिच्यात अनेकांनी भर घातलेले शेकडो फॉरमॅट आहेत. डेबियन आणि उबुंटूच्या भांडारातून येतो तो कोअर. त्यात डेस-क्रिप्ट, एमडी५-क्रिप्ट, बीक्रिप्ट, एलएम असे मोजकेच प्रकार. रॉ-एमडी५, एनटी (विंडोजचे हॅश), पीडीएफ, झिप हे सगळं जंबोत. काली लिनक्समध्ये जंबो आधीपासून असतो, मॅकवर होमब्रूमध्ये "जॉन-जंबो" या नावाने मिळतो.

आपल्याकडे कुठला आहे हे बघायला काहीही न देता नुसतं "जॉन" चालवा. पहिल्याच ओळीत आवृत्ती लिहिलेली असते. जंबो असेल तर

जॉन --लिस्ट=फॉरमॅट्स

असं विचारून यादी बघा आणि नाव तिथूनच उचला. यूट्यूबवरचा धडा जंबोवर आणि तुमचं मशीन कोअरवर, अशी जोडी जमली की माणूस दोन-दोन तास स्पेलिंग तपासत बसतो. म्हणून इतर काहीही करायच्या आधी ही पहिली ओळ वाचा.

वर्डलिस्ट दिली, तरी जॉन ती वापरतच नाही. असं का?

तुमची ओळ अशी असणार:

जॉन --वर्डलिस्ट शब्द.टीएक्सटी हॅश.टीएक्सटी

पर्याय आणि त्याची किंमत यांच्यामध्ये जागा सोडलीत. पुष्कळशा लिनक्स प्रोग्रामना ते चालतं, जॉनला चालत नाही. त्याला बरोबरचं चिन्ह लागतं:

जॉन --वर्डलिस्ट=शब्द.टीएक्सटी हॅश.टीएक्सटी

वाईट भाग असा की पहिल्या ओळीला जंबो जॉन नाही म्हणत नाही. जंबोत --वर्डलिस्ट हा पर्याय किंमत न देताही वैध आहे. तेव्हा जॉन आपल्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये नेमलेली यादी घेतो. मग "शब्द.टीएक्सटी" ही सुटी राहिलेली फाइल त्याच्या लेखी हॅशची फाइल ठरते आणि ती तो "हॅश.टीएक्सटी" बरोबर वाचायला घेतो. काम सुरू झाल्यासारखं दिसतं, पडद्यावर आकडे हलतात, पण तुमच्या यादीतला एकही शब्द तपासला जात नाही. तपासणीच्या अहवालात "सर्व पासवर्ड भक्कम" असं लिहून मोकळं व्हायला एवढी एक जागा पुरते. त्यामुळे या प्रश्नाला मी सगळ्यात गंभीर मानतो. ज्या चुकीला लाल अक्षरांचा संदेश येतो ती परवडली.

--फॉरमॅट च्या बाबतीत मात्र तो लगेच थांबतो, कारण तिथे किंमत सक्तीची आहे. "ऑप्शन रिक्वायर्स अ पॅरामीटर" असा संदेश आला की बरोबरचं चिन्ह राहिलंय असं समजा.

बाकी बाबतीत जॉन बराच उदार आहे. दोन वजांऐवजी एक चालतो, बरोबरच्या जागी विसर्गासारखा कोलन चालतो, पर्याय आधी की फाइल आधी याने फरक पडत नाही. पर्यायाचं नाव अर्धवट लिहिलं तरी चालतं, फक्त त्या अर्धवट नावाने दुसरा पर्याय सुरू होत नसला पाहिजे. अक्षरं मात्र लहान लिपीतलीच हवीत. मी स्वतः अर्धवट नावं वापरू नका म्हणेन. आज जुळणारं नाव पुढच्या आवृत्तीत दोन पर्यायांशी जुळू शकतं आणि सहा महिन्यांनी स्क्रिप्ट वाचणाऱ्याला काही बोध होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली कमांड जशीच्या तशी पेस्ट केली. "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" येतं.

संदेश नीट वाचा. फाइल सापडत नाही म्हणून जे नाव तो छापतो ते तुमच्या फाइलचं आहे की "–वर्डलिस्ट=..." असं? दुसरं असेल तर वजा बिघडलेत. वर्ड, काही फोनचे कीबोर्ड आणि कित्येक वेबसाइट दोन वजा दिसले की त्यांची एक लांब रेघ करतात. माणसाला फरक जाणवत नाही, पण जॉनच्या दृष्टीने रेघ म्हणजे वजा नाही, त्यामुळे तो अख्खा पर्याय त्याला फाइलचं नाव वाटतो. सरळ अवतरणांची वाकडी होणं हाही त्याच घरचा आजार.

वजा आणि अवतरणं हाताने पुन्हा टाइप करा. सहकाऱ्याला कमांड पाठवायची असेल तर साध्या टेक्स्ट फाइलमधून पाठवा.

हॅश फाइलमध्ये टाकला तर त्यातली अक्षरंच गायब! हे कुणी केलं?

शेलने. लिनक्सचे हॅश डॉलर चिन्हांनी विभागलेले असतात: सुरुवातीला $६$ असेल तर एसएचए-५१२ क्रिप्ट, $१$ असेल तर एमडी५-क्रिप्ट, $वाय$ असेल तर येसक्रिप्ट. आणि शेलमध्ये डॉलर म्हणजे व्हेरिएबल. तुम्ही

इको "$६$मीठ$लांबलचकहॅश" > हॅश.टीएक्सटी

असं लिहिलंत की दुहेरी अवतरणात शेल $६ च्या जागी सहावा आर्ग्युमेंट शोधतो. तो नसतो, म्हणून तिथे रिकामं. पुढच्या डॉलरलाही तेच. फाइलमध्ये जे उरतं ते कुठल्याच फॉरमॅटमध्ये बसत नाही आणि जॉन "नो पासवर्ड हॅशेस लोडेड" म्हणतो. दोष जॉनला लागतो.

एकेरी अवतरण वापरा. बॅश आणि झेडशेल या लिनक्स-मॅकवरच्या शेलमध्ये आणि पॉवरशेलमध्येही एकेरी अवतरणातला मजकूर अबाधित राहतो. उद्गारचिन्हाचंही तसंच: बॅशच्या दुहेरी अवतरणात ते जुनी कमांड परत बोलावण्याचं चिन्ह ठरतं आणि "इव्हेंट नॉट फाउंड" येतं.

विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये नियम उलटे आहेत. तिथे एकेरी अवतरण हे अवतरण धरलंच जात नाही, ते साधं अक्षर म्हणून हॅशला चिकटतं. आणि "इको हॅश > फाइल" असं लिहिलं तर बाणाच्या आधीची जागाही फाइलमध्ये जाते.

या सगळ्यातून सुटायचं तर हॅश कमांडमधून टाकूच नका. नॅनो किंवा नोटपॅड++ सारख्या एडिटरमध्ये पेस्ट करून सेव्ह करा. मग

कॅट -ए हॅश.टीएक्सटी

चालवून ओळीच्या शेवटी काय आहे ते बघा. (इथला "ए" मोठ्या लिपीतला.) फक्त डॉलर दिसला तर ओळ स्वच्छ आहे. त्याआधी ^एम दिसला तर फाइल विंडोजच्या पद्धतीने सेव्ह झालीय. डॉलरच्या आधी मोकळी जागा दिसली तर ती काढा.

मास्क दिला की "नो मॅचेस फाउंड" येतं.

हा संदेश जॉनचा नाही, झेडशेलचा आहे. मास्क म्हणजे पासवर्डच्या नमुन्याचा साचा. त्यात ?एल म्हणजे लहान अक्षर, ?यू मोठं अक्षर, ?डी आकडा, ?एस विशेष चिन्ह. पण शेलला प्रश्नचिन्ह दिसलं की तो "कोणतंही एक अक्षर" असा अर्थ लावून फोल्डरमध्ये जुळणारी फाइल शोधतो. बॅशला फाइल सापडली नाही तर तो शब्द तसाच पुढे पाठवतो, झेडशेल तिथेच थांबतो. मॅकवर २०१९ पासून आणि कालीत २०२० च्या अखेरीपासून झेडशेल हाच ठरलेला शेल आहे, त्यामुळे जुन्या धड्यातली ओळ नव्या मशीनवर अडते.

जॉन --मास्क='?यू?एल?एल?एल?डी?डी?डी?डी' --फॉरमॅट=एनटी हॅश.टीएक्सटी

असं अवतरणात द्या. हा मास्क मुद्दाम दिलाय. नावाची चार अक्षरं, पहिलं मोठं, पुढे जन्मसाल: आपल्याकडच्या ऑफिसांत हा नमुना हमखास सापडतो. २६ चा चौथा घात गुणिले १० चा चौथा घात, म्हणजे ४५६ कोटी ९७ लाख ६० हजार शक्यता. आकडा अवाढव्य वाटतो, पण एनटीसारख्या मीठ (हॅश बनवताना पासवर्डमध्ये मिसळलेली जादा अक्षरं) नसलेल्या, झपाट्याने काढता येणाऱ्या हॅशवर साधा संगणकही तो थोड्या वेळात संपवतो. बीक्रिप्टवर तोच मास्क अनेक दिवस खातो. पासवर्ड तोच, नमुना तोच, फरक साठवण्याच्या पद्धतीचा. व्यवस्थापनाला अहवाल देताना हे जरूर मांडा.

"नो पासवर्ड हॅशेस लोडेड". सगळं करून पाहिलं.

पासवर्ड सापडला नाही असा याचा अर्थ नाही. दिलेल्या फाइलमध्ये मला ओळखता येईल असा एकही हॅश दिसला नाही, एवढंच जॉन सांगतोय. खाली कारणं आहेत, जी जास्त आढळतात ती आधी.

पहिलं म्हणजे चुकीची फाइल. आजच्या लिनक्सवर /ईटीसी/पासडब्ल्यूडी मध्ये हॅशच्या जागी फक्त एक "एक्स" असतो. खरे हॅश /ईटीसी/शॅडो मध्ये. दोन्ही एकत्र करायला अनशॅडो हे जॉनसोबत येणारं साधन आहे:

सुडो अनशॅडो /ईटीसी/पासडब्ल्यूडी /ईटीसी/शॅडो > तपासणी.टीएक्सटी

नुसती शॅडो फाइल दिली तरी जॉन वाचतो, पण मग लोकांची पूर्ण नावं त्याला मिळत नाहीत. सिंगल मोड त्या नावांवरूनही अंदाज बांधतो, म्हणून एकत्र करणं चांगलं. इथे एक खाच: सुडोचा अधिकार अनशॅडोला मिळतो, बाणाला नाही. फाइल लिहितो तो तुमचा साधा शेल, म्हणून रूटच्या फोल्डरकडे बाण दाखवलात तर "परमिशन डिनाइड" येणार. स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहा आणि त्याआधी "युमास्क ०७७" चालवा, म्हणजे ती फाइल दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही.

दुसरं, येसक्रिप्ट. डेबियन ११, उबुंटू २२.०४, फेडोरा ३५ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत नवीन पासवर्ड $वाय$ ने सुरू होतात. जॉनला ते आपोआप ओळखता येत नसेल तर मशीनच्या स्वतःच्या लायब्ररीकडून काम करून घ्यायला सांगावं लागतं:

जॉन --फॉरमॅट=क्रिप्ट तपासणी.टीएक्सटी

हे त्याच मशीनवर चालेल ज्याच्या लायब्ररीला येसक्रिप्ट येतं. जुन्या सर्व्हरवर किंवा विंडोजवर ती फाइल नेऊन उपयोग नाही. आणि वेग फार कमी असेल. तो बिघाड नाही, येसक्रिप्ट बनवलंच त्यासाठी.

तिसरं, थेट झिप किंवा पीडीएफ दिली. जॉनला फाइलमधून काढलेला हॅश लागतो. झिप-टू-जॉन, रार-टू-जॉन, पीडीएफ-टू-जॉन, ऑफिस-टू-जॉन, कीपास-टू-जॉन ही वेगळी साधनं जंबोसोबत येतात. आधी त्यांच्याकडून हॅश फाइलमध्ये घ्या, मग जॉन चालवा. त्यातली काही पायथन किंवा पर्ल स्क्रिप्ट आहेत आणि कालीत ती /यूएसआर/शेअर/जॉन मध्ये ठेवलेली असतात, म्हणून नुसत्या नावाने सापडत नाहीत. झिपचा हॅश कधीकधी भलताच लांब येतो. तो पडद्यावरून माउसने कॉपी केला की मध्येच ओळ तुटते. बाणानेच फाइलमध्ये घ्या.

चौथं कारण विंडोजवाल्यांचं. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये बाणाने लिहिलेली फाइल यूटीएफ-१६ मध्ये सेव्ह होते. प्रत्येक अक्षरामागे एक शून्य बाइट. नोटपॅडमध्ये ती सुरेख दिसते, जॉनला काही उमगत नाही. तीच कमांड जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवा किंवा बाणाऐवजी

आउट-फाइल -एन्कोडिंग अस्की

वापरा.

आणि शेवटचं, --फॉरमॅट तुम्हीच दिलाय आणि तो हॅशशी जुळत नाही. तो पर्याय काढून एकदा चालवा. जॉन स्वतः काय ओळखतो ते बघा.

"डिटेक्टेड हॅश टाइप एलएम, बट..." अशी चेतावणी येते. दुर्लक्ष करू का?

नका करू. ३२ हेक्स अक्षरांचा हॅश एलएम असू शकतो, एनटी असू शकतो, एमडी५ असू शकतो. बाहेरून सगळे सारखेच. जॉन त्यातला एक निवडतो आणि बाकीच्यांची नावं देतो. निवड चुकली तर तो रात्रभर चालेल आणि काही मिळणार नाही. हॅश कुठून आला हे तुम्हाला माहीत आहे, त्याला नाही. विंडोजच्या मशीनवरून आला असेल तर एनटी, जुन्या पीएचपी साइटच्या डेटाबेसमधून आला असेल तर रॉ-एमडी५ असण्याचा संभव मोठा. --फॉरमॅट स्पष्ट द्या.

कालपर्यंत चाललं, आज "नो पासवर्ड हॅशेस लेफ्ट टू क्रॅक".

काम झालंय. सापडलेले पासवर्ड जॉन "जॉन.पॉट" नावाच्या फाइलमध्ये लिहितो आणि पुढच्या वेळी त्यांना हात लावत नाही. बघायचे असतील तर

जॉन --शो --फॉरमॅट=एनटी हॅश.टीएक्सटी

इथे हॅशची फाइल परत द्यावी लागते आणि फॉरमॅटही तोच द्यावा लागतो ज्याने पासवर्ड सापडला. फॉरमॅट विसरलात तर जॉन पुन्हा एलएम समजून बघतो आणि "० क्रॅक्ड" असं सांगतो. पुष्कळ जण तिथे घाबरतात. पासवर्ड गेलेले नसतात, शोधायचा खण चुकलेला असतो.

रॉकयू यादी दिली तर विचित्र अक्षरं येतात.

कालीत ती यादी जीझेड रूपात दाबून ठेवलेली असते. जॉन दाबलेली फाइल उघडत नाही, तिच्यातले कच्चे बाइटच शब्द समजून वाचतो. आधी "गनझिप" ने मोकळी करा. मोकळ्या यादीवरही "इनव्हॅलिड यूटीएफ-८" ची सूचना येऊ शकते, कारण त्या यादीत वेगवेगळ्या एन्कोडिंगचे शब्द मिसळले आहेत. तिथे थांबायची गरज नाही.

ही यादी डिसेंबर २००९ मध्ये रॉकयू या अमेरिकी कंपनीचा डेटाबेस फुटला तेव्हाची. सव्वातीन कोटींच्या घरात खाती आणि पासवर्ड साध्या अक्षरांत साठवलेले. त्यातले वेगळे काढले तर सुमारे १ कोटी ४३ लाख. पण कोल्हापूरच्या पतसंस्थेची किंवा मडगावच्या शाळेची तपासणी या एका यादीवर संपवू नका. माणसं आपल्या भोवतालचे शब्द वापरतात: कुलदैवत, गावाचं नाव, मुलाचं लाडाचं नाव, गाडीचा नंबर, संस्थेचं संक्षिप्त नाव आणि पुढे साल. अशी दोनशे-तीनशे शब्दांची स्वतःची यादी करा. रोमन लिपीत एकाच नावाची स्पेलिंगं अनेक होतात, ती सगळी घाला. मग नियम लावा:

जॉन --वर्डलिस्ट=गाव.टीएक्सटी --रूल्स=जंबो --फॉरमॅट=एनटी हॅश.टीएक्सटी

--रूल्स दिलं नाही तर जॉन शब्द जसेच्या तसे तपासतो. शेवटी १२३ लावणं, पहिलं अक्षर मोठं करणं हे सगळं नियमांचं काम आहे.

पासवर्ड देवनागरीत असेल तर?

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा एकेक कोडपॉइंट (युनिकोडमधला सुटा घटक) ३ बाइट घेतो. बीक्रिप्टची मर्यादा ७२ बाइटची, म्हणजे २४ कोडपॉइंट, आणि काना-मात्रा-हलन्त प्रत्येकी वेगळे मोजले जातात. त्यापुढचा भाग हॅशमध्ये उतरतच नाही.

मराठीची स्वतःची एक अडचण आहे. "तऱ्हा" किंवा "दुसऱ्या" मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्तावाला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे. बाइट वेगळे, म्हणून हॅश वेगळा. वर्डलिस्टमध्ये शब्द आहे, पासवर्डही तोच आहे, तरी जुळत नाही, असं झालं की दोन्ही रूपं यादीत घाला. यादी यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग सांगणारी न दिसणारी खूण) राहू देऊ नका.

नुसतं "जॉन हॅश.टीएक्सटी" चालवलं. थांबतच नाही.

मोड सांगितला नाही तर तो आधी सिंगल, मग वर्डलिस्ट, मग इन्क्रिमेंटल (अक्षरांच्या सगळ्या जुळण्या एकेक करून) असं चालतो, आणि तिसरा मोड व्यवहारात संपत नाही. स्पेसबार दाबून प्रगती बघा, क्यू दाबून थांबवा. पुन्हा तिथूनच पुढे जायचं तर

जॉन --रिस्टोर

एवढंच लिहा. सोबत जुने पर्याय परत देऊ नका, ते सत्राच्या फाइलमध्ये आहेत.

दुसऱ्या खिडकीत जॉन चालू असताना नवा सुरू केला की "क्रॅश रिकव्हरी फाइल इज लॉक्ड" येतं, कारण दोघंही एकाच नावाच्या फाइलमध्ये लिहायला बघतात. --सेशन=लेखा असं प्रत्येकाला वेगळं नाव द्या. मग --रिस्टोर=लेखा आणि --स्टेटस=लेखा. लॉक मोडायला फाइल डिलीट करू नका, चालू कामाची जागा त्यातच आहे.

माझी मांडणी बरोबर आहे याची खात्री कशी करू?

आधी उत्तर माहीत असलेला हॅश सोडवून बघा. कोणतीही खरी तपासणी सुरू करण्याआधी मी हे करायला लावतो.

इको -एन 'आंबा२०२४' | एमडी५सम

-एन राहिलं तर इको शेवटी नवी ओळ जोडतो, हॅश त्या नव्या ओळीसकट बनतो, आणि जॉनला तो यादीतून कधीच सापडत नाही. ही खोट डोळ्यांना दिसत नाही, कारण हॅश ३२ अक्षरांचाच येतो. एमडी५सम हॅशनंतर दोन जागा आणि एक वजा छापतो, तेही काढून टाका. आता तोच शब्द वर्डलिस्टमध्ये ठेवून --फॉरमॅट=रॉ-एमडी५ ने चालवा. क्षणात सापडला तर वाक्यरचना, फाइल आणि फॉरमॅट तिन्ही ठीक. नाही सापडला तर खऱ्या हॅशवर वेळ घालवू नका.

या सरावात स्वतःचा खरा पासवर्ड टाइप करू नका. ती ओळ शेलच्या इतिहासात साध्या अक्षरांत राहते.

मदत मागताना काय काय द्यावं?

पूर्ण कमांड, जॉनची आवृत्ती, कुठला शेल, आणि आलेला संदेश जसाच्या तसा, टेक्स्ट म्हणून, मोबाइलने काढलेला पडद्याचा फोटो नको. हॅशचा नमुना लागत असेल तर वर सांगितल्याप्रमाणे खोटा बनवून द्या. खरा हॅश कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. कुणीतरी तो सोडवेल, आणि ज्याचा आहे त्याला कळणारही नाही.

तपासणी संपली. आता?

ज्यांचे पासवर्ड सापडले त्यांना बदलायला सांगा. नावांची यादी भिंतीवर लावू नका आणि सापडलेला पासवर्ड अहवालात लिहू नका. "लेखा विभागातल्या इतक्या जणांचा नाव-अधिक-साल नमुना" एवढं व्यवस्थापनाला पुरतं. मग अनशॅडोने बनवलेली फाइल, जॉन.पॉट, जॉन.लॉग आणि .आरईसी शेवटाच्या सत्र-फाइली काढून टाका. पॅकेजमधून घेतलेल्या जॉनच्या या फाइली बहुधा होम फोल्डरमधल्या .जॉन या लपलेल्या फोल्डरमध्ये असतात, सोर्सवरून बांधलेल्याच्या "रन" मध्ये. एलएस ला -ए दिल्याशिवाय लपलेला फोल्डर दिसत नाही, म्हणून तोच मागे राहतो. रात्री बॅकअप चालत असेल तर त्यातूनही काढा.